जिनिंगच्या सर्व्हरचं नेटवर्क पहिल्या बूटआधी ठरवा

तालुक्याच्या गावाबाहेर जिनिंग-प्रेसिंग, तिच्या ऑफिसात एक सर्व्हर, आणि तो बसवणारा माणूस नागपूर, अमरावती नाहीतर अकोल्याला. विदर्भात हे चित्र नेहमीचं आहे. सर्व्हरला मॉनिटर नसतो, लाईन कधीही जाते, आणि हंगामात काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. वजनाची पावती निघाली नाही तर शेतकरी तिथेच ताटकळतो. म्हणून अशा सर्व्हरच्या नेटवर्कची कसोटी एकच ठेवावी: लाईन गेली, परत आली, आणि कोणी हात न लावता सगळं पुन्हा उभं राहिलं. ब्रिज (सर्व्हरच्या आतला स्विच), बॉन्ड (दोन पोर्टची जोडी), व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्कं), टनेल (इंटरनेटवरून काढलेली खासगी वाट) ही सगळी मांडणी पहिल्या बूटआधी कागदावर आली तरच हे साधतं. चालू सर्व्हरवर लांबून इंटरफेस बदलायला गेलं की एका चुकीने आपलाच रस्ता बंद होतो आणि मग साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाणावी लागते.

इथे उदाहरणाला प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली, घेतलं आहे. ते डेबियन लिनक्सवर चालतं, त्यामुळे बहुतेक गोष्टी साध्या डेबियनलाही लागू पडतात. एका सर्व्हरवर तीन व्हर्च्युअल मशीन धरू: हिशेबाचं, काट्याचं आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचं. सर्व्हरला नेटवर्कचे दोन पोर्ट आहेत आणि समोर मॅनेज्ड स्विच (ज्यात व्हीलॅन ठरवता येतात असा) आहे.

आधी पत्ते

१९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या मालिका अजिबात घेऊ नका. घरोघरच्या राउटरमध्ये त्याच भरलेल्या असतात. घरून टनेलने जोडलात की दोन्हीकडे एकच मालिका येते आणि पॅकेट घरातच फिरत राहतं. १७२.१७.०.० डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी घेतो. १००.६४.०.०/१० ही मालिका इंटरनेट पुरवठादार आपल्या सामायिक पत्त्यांसाठी वापरतात. दहाची मालिका मोकळी असते. दुसरा आकडा जागेचा आणि तिसरा व्हीलॅनचा असं ठरवलं की पत्ता बघूनच यंत्र कुठलं ते कळतं. या जिनिंगला ४० दिला, ऑफिसला व्हीलॅन १०, काट्याला २०, कॅमेऱ्यांना ३०, आणि सर्व्हर-स्विचच्या कारभाराला ९९. म्हणजे काट्याचं नेटवर्क झालं १०.४०.२०.०/२४. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा असतो, त्यामुळे १ ते ४०९४ एवढेच वापरता येतात. १ मात्र सोडून द्या, कारण स्विचचे न ठरवलेले सगळे पोर्ट त्यातच पडलेले असतात.

व्हीलॅनमधलं राउटिंग वेगळ्या छोट्या राउटरवर ठेवा. राउटरसुद्धा व्हर्च्युअल मशीनमध्ये घालायची हौस अनेकांना असते. शहरात ती चालून जाईल. इथे सर्व्हर अडला की ऑफिसचं इंटरनेटही जातं, आणि मग सर्व्हर का अडला ते बघायची वाटच उरत नाही.

पोर्टची नावं पक्की करा

लिनक्समध्ये पोर्टचं नाव कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून पडतं. आज ईएनपी३एस० असलेला पोर्ट दुसरं कार्ड बसवल्यावर ईएनपी४एस० होऊ शकतो. कॉन्फिगमध्ये जुनंच नाव राहतं, ब्रिजला पोर्ट सापडत नाही आणि सर्व्हर नेटवर्कशिवाय उठतो. कार्ड बदलणारा स्थानिक मिस्त्री केबल बरोबर लावून निघून गेलेला असतो, त्याचा यात काही दोष नसतो.

यावर उपाय लिंक फाईलचा. एटसी-सिस्टमडी-नेटवर्क या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टसाठी एक फाईल करा. तिच्या मॅच भागात पोर्टचा कायमचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) द्या, लिंक भागात हवं ते नाव. मॅच करताना ‘पर्मनंट मॅक अ‍ॅड्रेस’ हाच पर्याय वापरा, नुसता ‘मॅक अ‍ॅड्रेस’ नको. ब्रिज आणि व्हीलॅन इंटरफेस खालच्या पोर्टचा मॅक उचलतात, त्यामुळे नुसत्या मॅकच्या नियमात तेही सापडतात आणि एकाच नावासाठी ओढाताण होते. नाव ईटीएच० असं ठेवू नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः त्याच नावांनी पोर्ट उभे करतो आणि टक्कर होऊ शकते. प्रॉक्समॉक्समध्ये नावाची सुरुवात ‘ईएन’ने ठेवली की त्याच्या वेबपानावर तो पोर्ट खरा म्हणून ओळखला जातो, ईएनलॅन० आणि ईएनलॅन१ चांगली नावं आहेत. फाईल केल्यावर इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी प्रणाली) पुन्हा बनवा, नाहीतर बूटच्या सुरुवातीला जुनंच नाव लागू शकतं.

जुन्या डेस्कटॉपचाच सर्व्हर केलेला असेल तर दुसरा पोर्ट बहुधा यूएसबी अडॅप्टर असतो. त्याचं नाव ईएनएक्स आणि पुढे मॅकची बारा अक्षरं, म्हणजे बरोबर १५ अक्षरांचं पडतं. लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला कमाल मर्यादा १५ अक्षरांचीच आहे. आता त्यावर व्हीलॅन करायला नावापुढे टिंब आणि १० लावलं की नाव मर्यादेबाहेर जातं आणि इंटरफेस बनतच नाही. एरर वाचून हे लक्षात येणं अवघड असतं. इथे आधी आखूड नाव देणं भागच आहे.

बॉन्ड आणि ब्रिज

दोन पोर्टचा एक बॉन्ड करा आणि मोड ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ ठेवा. एका वेळी एकच पोर्ट काम करतो, तो पडला की दुसरा लागतो. स्विचला काहीच सांगावं लागत नाही. एलएसीपीचा (दोन्ही पोर्ट एकदम चालवणारा) मोड वेगाला बरा असला तरी स्विचवर तसाच गट बनवावा लागतो. उद्या वीज पडून स्विच जळाला आणि गावातल्या दुकानातून साधा स्विच आणून लावला तर एलएसीपीची जोडणी त्यावर नीट बसत नाही. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप त्या साध्या स्विचवरही चालतो.

बॉन्डच्या ‘मिमॉन’ या पर्यायाची किंमत १०० लिहाच. दर १०० मिलिसेकंदांनी केबलची लिंक तपासली जाते. ती शून्य राहिली तर केबल निघाल्याचं बॉन्डला कळत नाही आणि दुसरा पोर्ट नुसता बसून राहतो. दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचला असतील तर ‘प्रायमरी रिसिलेक्ट’ हा पर्याय ‘फेल्युअर’वर ठेवा. लाईन आल्यावर स्विच आधी लिंक दाखवतो आणि पॅकेट पुढे पाठवायला नंतर लागतो. स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर ते अडवणारी स्विचची सोय) चालू असेल तर ऐकणं आणि शिकणं या दोन टप्प्यांत १५-१५ असे ३० सेकंद जातात. मुख्य पोर्टची लिंक दिसताच बॉन्ड तिकडे उडी मारतो आणि तेवढा वेळ सगळं ठप्प होतं. ‘फेल्युअर’ ठेवलं की चालू पोर्ट खरोखर पडेपर्यंत तो बदलत नाही. सर्व्हर ज्या पोर्टला जोडला आहे त्यावर स्विचमध्ये एज-पोर्ट किंवा पोर्टफास्ट चालू करा, म्हणजे ते ३० सेकंदही वाचतात.

बॉन्डवर ब्रिज: व्हीएमबीआर०. यात एसटीपी (स्पॅनिंग ट्री) बंद, फॉरवर्ड डिले ०, ‘व्हीलॅन अवेअर’ चालू, आणि व्हीलॅनच्या यादीत १०, २०, ३०. प्रॉक्समॉक्स त्या यादीत २ ते ४०९४ असं भरून ठेवतो. काही कार्डांच्या हार्डवेअर फिल्टरमध्ये एवढी जागा नसते आणि बूटला एरर येतात, म्हणून लागतात तेवढेच द्या.

आता सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याचा प्रश्न, आणि इथे माझं मत ठाम आहे. पुस्तकी सल्ला असा की कारभाराचा व्हीलॅनही टॅग (पॅकेटवर लिहिलेला व्हीलॅनचा क्रमांक) लावून आणावा. दूरच्या जागेसाठी मला तो पटत नाही. सर्व्हरचा पत्ता, इथे १०.४०.९९.२, थेट व्हीएमबीआर०वर बिनटॅगचा ठेवा. स्विचवर सर्व्हरच्या दोन्ही पोर्टना ९९ हा बिनटॅगचा आणि १०, २०, ३० टॅगसह द्या. फायदा असा: स्विच गेला, कॉन्फिग पुसली गेली किंवा काहीच सुचेनासं झालं, तर ऑफिसातल्या मुलाला फोनवर सांगता येतं की लॅपटॉपची केबल थेट सर्व्हरला लाव आणि लॅपटॉपला १०.४०.९९.५० हा पत्ता दे. सर्व्हरचं पान उघडतं. टॅगच्या मांडणीत त्याला विंडोजमध्ये व्हीलॅन लावायला शिकवावं लागेल, आणि फोनवर ते होत नाही.

याची किंमतही माहीत असू द्या. ब्रिजच्या आत बिनटॅगचं पॅकेट व्हीलॅन १मध्ये धरलं जातं आणि बाहेर बिनटॅगच जाऊन स्विचवर ९९मध्ये पोचतं. म्हणजे एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या कार्डाला टॅग द्यायचा राहिला तर ते मशीन थेट कारभाराच्या नेटवर्कमध्ये जाऊन बसतं. प्रत्येक मशीनचं प्रत्येक कार्ड टॅग देऊनच बनवा. शेवटी ‘ब्रिज व्हीलॅन शो’ ही आज्ञा चालवून बघा: मशीनच्या टॅप इंटरफेससमोर (त्याच्या कार्डाच्या सर्व्हरकडच्या टोकासमोर) १०, २० किंवा ३० पीव्हीआयडी म्हणून, म्हणजे बिनटॅगचं पॅकेट ज्या व्हीलॅनमध्ये धरायचं तो क्रमांक म्हणून, दिसायला हवा. तिथे १ दिसला तर टॅग राहिला आहे.

स्वस्त मॅनेज्ड स्विचमध्ये आणखी एक खोच असते. टॅगचं पान वेगळं आणि पीव्हीआयडीचं पान वेगळं. पहिल्या पानावर ९९ बिनटॅग केला आणि दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी १च राहिला, तर सर्व्हरकडे जाणारं पॅकेट पोचतं आणि येणारं चुकीच्या व्हीलॅनमध्ये पडतं. दोन्ही पानं भरा, त्या पोर्टमधून १ काढून टाका आणि कॉन्फिग ‘सेव्ह’ करा. अनेक स्विचमध्ये सेव्हचं बटण वेगळ्याच मेनूत असतं, आणि ते राहिलं की पहिल्यांदा लाईन गेली की स्विच कोरा होतो.

बदल लागू करायला ‘आयएफरीलोड -ए’ वापरा. नेटवर्किंग सर्व्हिस रिस्टार्ट करू नका. त्याने ब्रिज पाडून पुन्हा बांधला जातो, मशीनचे टॅप त्यातून सुटतात आणि मशीन चालू दिसत असूनही नेटवर्कबाहेर राहतात. लांबून बदल करायचाच असेल तर आधी जुन्या फाईलची प्रत ठेवा आणि सिस्टमडी-रनने पाच मिनिटांनी ती प्रत परत ठेवून रीलोड होईल असं लावून ठेवा. आत येता आलं तर ते काम रद्द करा, नाही आलं तर पाच मिनिटं थांबा.

डॉकर सर्व्हरवर थेट बसवू नका. तो फॉरवर्डचं धोरण ‘ड्रॉप’ करतो, आणि ब्रिजचं पॅकेट फायरवॉलमधून जात असेल तर मशीनचं नेटवर्क कारण न दाखवता बंद पडतं. हवाच असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या आत बसवा.

मशीनच्या आत

टेम्प्लेटवरून मशीन काढताना कार्डाचा प्रकार व्हर्टआयओ ठेवा आणि पत्ता क्लाउड-इनिटने (बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या सोयीने) द्या. सर्व्हरगिरी करणाऱ्या प्रत्येक मशीनला पक्का पत्ता हवा. लाईन आल्यावर डीएचसीपीने पत्ते वाटणारा राउटर आधी उठेल की मशीन, याची खात्री नसते.

टेम्प्लेट बनवायच्या आधी त्यातली मशीन-आयडी फाईल रिकामी करा. पुसू नका, रिकामी करा. उबुंटूमध्ये डीएचसीपीला दिली जाणारी ओळख या आयडीवरून बनते. ती तशीच राहिली तर मॅक वेगळे असूनही दोन क्लोनना एकच पत्ता मिळतो आणि दोघं आळीपाळीने गायब होतात.

नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाईलमध्ये कार्ड नावाने धरू नका, मॅकने मॅच करा आणि ‘सेट-नेम’ने आपलं नाव द्या. मॅक अवतरणचिन्हांत लिहा. हे वरवर क्षुल्लक वाटतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूचे मॅक बहुधा ५२:५४:०० ने सुरू होतात, प्रॉक्समॉक्स स्वतःहून देतो ते तसे नसतात. पुढची तीन घरंही योगायोगाने आकड्यांचीच आणि साठाच्या आतली निघाली, तर यामलचा (ही फाईल ज्या भाषेत असते तिचा) जुना नियम पाळणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ क्लाउड-इनिट, त्या ओळीला तास-मिनिट-सेकंदांसारखी साठाच्या पटीतली संख्या समजू शकतो. मग मॅक कुठल्याच कार्डाशी जुळत नाही आणि मशीनला पत्ताच लागत नाही. बाकी मशीन त्याच फाईलवर नीट चालतात, म्हणून शोधणारा चक्रावतो. ‘गेटवे४’ हा जुना शब्दही टाळा. ‘रूट्स’खाली डिफॉल्ट आणि व्हाया असं लिहा.

कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या मशीनला दोन कार्डं लागतात: एक ऑफिसच्या १०मध्ये, एक कॅमेऱ्यांच्या ३०मध्ये. डिफॉल्ट रूट फक्त १०च्या कार्डाला. ३०ला पत्ता आणि नेटमास्क, बस. दोन्हीकडे गेटवे लिहिला की उत्तराचं पॅकेट भलत्याच दाराने बाहेर पडतं आणि पान कधी उघडतं, कधी नाही. कॅमेरे इंटरनेटवर जायला नकोतच, त्यामुळे ३०ला राउटरवरही बाहेरची वाट देऊ नका. सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने ६४ एमबीपीएस होतात. मधला एखादा स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर काट्याचा आणि हिशेबाचा व्हीलॅन त्याच केबलवर आणू नका.

काट्याच्या इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलने येतं. ते नेटवर्कवर आणायला सिरियल-टू-इथरनेट डबी लागते. तिला २०मध्ये पक्का पत्ता द्या. काट्याची केबिन ऑफिसपासून १०० मीटरच्या पुढे असेल तर तांब्याची केबल चालणार नाही. १०० मीटरच्या आत असली तरी दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. मृगाच्या पहिल्या विजांत तांब्याच्या केबलवरून दोन्ही टोकांचे पोर्ट जातात.

उबुंटूचं मशीन बूट होताना नेटवर्कची दोन मिनिटांपर्यंत वाट बघतं. ज्या कार्डाशिवाय मशीनचं काम चालतं त्याला ‘ऑप्शनल’ लिहा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कार्डापायी दोन मिनिटं जातात.

एकदा क्लाउड-इनिटने पत्ता दिला की पुढचे बदल कुठे करायचे ते ठरवून टाका. ५०-क्लाउड-इनिट नावाची फाईल हाताने बदलली तर क्लाउड-इनिट तिच्यावर पुन्हा लिहू शकतो. हाताने सांभाळायचं असेल तर क्लाउड-इनिटचं नेटवर्कचं काम बंद करणारी छोटी फाईल ठेवा. प्रॉक्समॉक्सच्या पानावरून पत्ता बदलत राहायचं असेल तर लक्षात ठेवा की त्या बदलाने मशीनचा इन्स्टन्स-आयडी बदलतो, क्लाउड-इनिट त्याला नवं मशीन समजतो आणि एसएसएचच्या चाव्या नव्याने बनवतो. पुढच्या लॉगिनला ‘चावी बदलली’ असा इशारा येतो. घाबरायचं कारण नाही, पण तो आपल्याच बदलामुळे आला आहे याची खात्री करून घ्या.

मशीनच्या आत नेटप्लॅनचा बदल करताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर तो जुनी मांडणी परत आणतो. बॉन्ड आणि ब्रिजच्या पर्यायांसाठी मात्र हा परतीचा रस्ता भरवशाचा नाही.

टनेल

गावातल्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. सर्व्हरनेच बाहेर टनेल काढायला हवं. वायरगार्ड हे टनेलचं सॉफ्टवेअर कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून लिनक्समध्येच आहे. ते मशीनमध्ये न ठेवता थेट सर्व्हरवर ठेवा, म्हणजे सगळी मशीन पडली तरी आपण आत येऊ शकतो. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद लिहा, नाहीतर मधल्या पत्ता-बदलाच्या यंत्रणेत वाट बंद होते. ‘अलाउड आयपीज’मध्ये फक्त आपल्या मुख्य ठिकाणची मालिका द्या.

लाईन आल्यावर टनेल न उठण्याची दोन कारणं हमखास भेटतात. पहिलं: पलीकडच्या टोकाचा पत्ता नावाने लिहिलेला असतो. वायरगार्ड सुरू करणारा डब्ल्यूजी-क्विक सुरू होताना ते नाव एकदाच सोडवतो. फायबरची डबी अजून उठलेली नसते, नाव सुटत नाही, आणि सर्व्हिस फेल होऊन तशीच पडून राहू शकते. तिथे नावाऐवजी आकड्यांचा आयपी लिहा. मग इंटरनेट नसतानाही इंटरफेस उभा राहतो आणि जोडणी आली की हँडशेक (दोन टोकांची ओळखपाळख) आपोआप होतो. दुसरं: मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली. घड्याळ मागे जातं. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळ असते आणि आधीपेक्षा जुनी वेळ आली तर पलीकडचं टोक ती नाकारतं. वेळ दुरुस्त होईपर्यंत टनेल लागत नाही. सर्व्हर बसवतानाच नवी बॅटरी घाला आणि वेळ देणारा एनटीपीचा सर्व्हर टनेलपलीकडचा देऊ नका.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) हाताने लिहा. वायरगार्ड १५०० मधून ८० वजा करून १४२० धरतो. पण फायबरची जोडणी पीपीपीओईची (लॉगिन देऊन जोडायची) असेल तर खरा एमटीयू १४९२ असतो, आणि राउटरपलीकडचं हे सर्व्हरला दिसत नाही. १४१२ लिहिलं की आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर बसतं. मोबाईलच्या सिमवर बॅकअप असेल तर १२८०. चुकलं असेल तर लक्षण असं दिसतं: पिंग जातो, लॉगिन होतं, आणि प्रॉक्समॉक्सचं पान किंवा मोठी फाईल मध्येच अडकते. पॅकेट न तोडण्याचा पर्याय देऊन १४६४ बाइटचा पिंग बाहेर मारून बघा. तो गेला आणि १४६५चा नाही गेला, तर वाट १४९२ची आहे. २८ बाइट हेडरचे.

सोडून निघण्याआधी

बायोसमध्ये वीज आल्यावर चालू होण्याचा पर्याय ‘ऑन’ करा. सर्व्हर, स्विच, राउटर आणि फायबरची डबी एकाच यूपीएसवर घ्या. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या सॉकेटवर अशी विभागणी फार दिसते. त्यात लाईन गेल्यावर सर्व्हर जिवंत असतो पण काट्याला तो दिसत नाही.

मग एकेक केबल काढून बघा. प्रॉक-नेट-बॉन्डिंगमधली बॉन्ड०ची फाईल वाचा आणि चालू पोर्ट बदलला का ते पाहा, प्रत्येक व्हीलॅनमधून पिंग चालू ठेवून. शेवटी सगळी मशीन नीट बंद करून यूपीएससकट विजेचा मुख्य स्विच पाडा, दहा मिनिटं थांबा आणि चालू करा. कीबोर्डला हात लावू नका. मोबाईलच्या इंटरनेटवरून, ऑफिसच्या वायफायवरून नाही, टनेलने आत या, काट्यावरून एक पावती काढायला सांगा आणि एका कॅमेऱ्याचं ताजं रेकॉर्डिंग उघडा. हीच चाचणी फक्त राउटर आणि फायबरची डबी पाच मिनिटं उशिरा चालू करून पुन्हा करा. खऱ्या लाईन जाण्यात बहुतेक वेळा तसंच घडतं, आणि टनेलची चूक याच वेळी उघडी पडते. पत्त्यांचा कागद, स्विचच्या पोर्टचा नकाशा आणि १०.४०.९९.५०ची ती लॅपटॉपची कृती रॅकच्या दाराला आतून चिकटवा.